एक फरशी उचलायची परवानगी

गुपचूपकाकांना खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. बायको अहो म्हणते, मेहुणा भाऊजी म्हणतो, आणि बाकी सगळ्या गल्ल्यांना, दुकानांना, जिन्यांना ते गुपचूपकाका. हे नाव कुणी चिडवायला ठेवलं असेल तर त्याचा डाव साफ फसला, कारण काकांना ते मनापासून आवडतं. फोन उचलल्यावरसुद्धा ते "हां, गुपचूप बोलतोय" असंच म्हणतात, आणि पलीकडचा नवखा माणूस मग उगाचच आवाज खाली आणून बोलायला लागतो.

धंद्याने ते प्लंबर. पण घरातले नळ, टाक्या, बेसिनं यांत त्यांचा जीव रमत नाही. ते कुणीही करतं, म्हणतात. त्यांचं काम घराबाहेरचं. रस्त्याखालच्या मोठ्या लाइनीपासून घरापर्यंत जो नळ येतो तो फूटपाथच्या खालून येतो, आणि तो गळायला लागला की फूटपाथ उघडावा लागतो. आता फूटपाथ पडला नगरपालिकेचा. त्याला हात लावायचा तर परवाना हवा, आणि परवान्याला लागतात तीन आठवडे. ज्याच्या घरात भिंतीतून पाणी झिरपतंय त्याला तुम्ही तीन आठवडे थांब म्हणून सांगून बघा बरं.

म्हणून लोक गुपचूपकाकांना फोन करायचे. शनिवारी फोन, रविवारी उजाडता उजाडता काका हजर. रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. पहिलं काम, गुडघे टेकून फरश्यांच्या सांध्यांतली माती बारीक सळईने कोरून काढायची. ही माती फेकायची नाही, झाकणाच्या डब्यात भरून ठेवायची. सांध्यात गवताची पाती आली असतील तर ती चमच्याने मुळासकट उचलून ओल्या फडक्यात. मग फरशी उचलायची, उलटी करायची आणि तिच्या पाठीवर निळ्या ऑइलपेंटने एक आकडा आणि एक बाण काढायचा. बाणाचं टोक रस्त्याकडे. म्हणजे जी फरशी जिथून उठली तिथेच, त्याच तोंडाने परत बसते. खालचा नळ दुरुस्त झाला की वाळू ठोकून बसवायची, फरश्या लावायच्या, पाणसळ ठेवून बुडबुडा मध्यावर आला की नाही बघायचा. शेवटी डब्यातली तीच जुनी माती ब्रशने सांध्यात भरायची आणि गवत पुन्हा लावून टाकायचं. कुणी चघळून चिकटवलेला च्युइंगगमचा गोळा फरशीवर असला तर काका त्यालासुद्धा धक्का लावत नसत. तो खरवडला तर तेवढी एकच फरशी स्वच्छ दिसणार, आणि मग झालंच की. आठ-साडेआठला लोक पाय मोकळे करायला बाहेर पडायचे तेव्हा फूटपाथ आदल्या दिवशी जसा होता तसाच असायचा.

तीस वर्षं हे असं चाललं. चोरी म्हणा हवं तर. काका स्वतः तसं म्हणत नाहीत. ते म्हणतात, चोर काहीतरी नेतो, मी काय नेलं?

काकूंना मात्र या सगळ्याचा भारी राग. राग म्हणजे कायद्याचा वगैरे नव्हे. तीस वर्षांत त्यांना नवऱ्याचं काम एकदाही बघायला मिळालं नव्हतं, त्याचा. काका निघायचे तेव्हा त्या झोपेत, आणि परत यायचे तोवर काम जमिनीखाली. "शिंप्याच्या बायकोला निदान कोट दाखवता येतो," त्या म्हणायच्या. "गवंड्याची बायको भिंतीकडे बोट करते. मी कशाकडे बोट करू? फूटपाथकडे? लोक म्हणतील, काकूंचं डोकं फिरलं."

त्यावर तोड म्हणून त्यांनी वही सुरू केली होती. काका घरी येऊन हातपाय धूत असायचे तेव्हा काकू स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उभ्या राहून विचारायच्या आणि लिहायच्या. कुठला रस्ता, कुठलं घर, किती फरश्या, त्यांच्या पाठीवर कुठले निळे आकडे, पहिली फरशी कशी ओळखायची, खाली काय निघालं. नाव कुणाचंच नाही, ना घरमालकाचं ना काकांचं. काम केलं कोणी हेही नाही. जाड पुठ्ठ्याच्या दोन वह्या भरल्या होत्या आणि तिसरी अर्ध्यावर आली होती. एकूण चारशे अकरा कामं.

या वर्षी नवा नियम आला. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून फूटपाथला हात लावायचा तो फक्त नोंदणी झालेल्या कारागिराने, परवाना काढून. परवाना आता तीन दिवसांत मिळणार, पण बिगरनोंदणीचा माणूस सापडला तर अवजारं जप्त, आणि ज्याच्या घरासमोर सापडला त्याच्यावरही कारवाई. लोक घाबरले. काकांचा फोन वाजायचा बंद झाला. एक शनिवार गेला, दुसरा गेला, तिसऱ्या शनिवारी काकांनी स्वतःच दुसऱ्या फोनवरून स्वतःला फोन लावून बघितला, की यंत्र तर बिघडलं नाही ना.

मेहुण्याचं नळ-तोट्यांचं दुकान होतं. तो स्वभावाने चांगला. म्हणाला, भाऊजी, वय झालं आता, गुडघे किती दिवस झिजवणार, गल्ल्यामागे बसा निवांत. काका दोन दिवस बसले. पहिल्या दिवशी एक माणूस नवा नळ घ्यायला आला, तर काकांनी त्याचा जुना नळ बघायला मागवला आणि आतला वायसर बदलून त्याला परत पाठवला. दुसऱ्या दिवशी तसेच तिघं गेले. संध्याकाळी मेहुणा नुसता दाराबाहेर बघत उभा राहिला. घरी येऊन काका काकूंना म्हणाले, "मी तिथे बसलो ना, तर त्याचं दुकान बुडेल आणि मी वेडा होईन. नोंदणी करायलाच पाहिजे."

नोंदणी महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी बंद होणार होती. नंतर एक वर्ष काही नाही, आणि वर्षभर मेहुण्याच्या दुकानात बसायच्या कल्पनेनेच काकांना जेवण जाईना.

परवाना खातं म्हणजे पहिल्या मजल्यावरची लांबलचक खोली. काचेमागे सहा खिडक्या, समोर एकमेकींना जखडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि चिठ्ठी देणारं एक यंत्र, जे चापट मारल्याशिवाय चिठ्ठी देत नसे. चौथ्या खिडकीमागे परवान्याच्या मॅडम बसायच्या. वयाने काकांच्या पुतणीएवढ्या, चष्मा कपाळावर सरकवलेला, बोलणं चटपटीत पण तुसडं नाही. त्यांनी अर्ज वाचला आणि म्हणाल्या, "काका, पूर्वी केलेल्या तीन कामांचे परवाना क्रमांक लागतील. नाहीतर निदान कामाचा पुरावा."

काकांनी खिशातून तीन फोटो काढून काचेखालून सरकवले. ते कालच तिन्ही ठिकाणी जाऊन काढून आले होते. मॅडमनी फोटो बघितले, उलटे करून बघितले, पुन्हा सुलटे केले.

"काका, हे फूटपाथचे फोटो आहेत."

"हो ना."

"काम कुठाय?"

"हेच काम."

"इथे तर काहीच केलेलं दिसत नाही."

"तेच तर," काका उत्साहाने म्हणाले. मॅडम त्यांच्याकडे बघत राहिल्या. मागचा माणूस खाकरला. काका फोटो खिशात घालून खाली मान घालून घरी आले.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं, ओट्याखालचं कपाट उघडलं आणि तिन्ही वह्या पिशवीत भरल्या. काकांच्या तोंडचं पाणी पळालं. "अगं, वेड लागलंय का तुला? त्या वह्या म्हणजे चारशे अकरा गुन्हे आहेत. आपण आपल्या हाताने नेऊन द्यायचे?"

"मी तीस वर्षं उभ्याने लिहिलंय," काकू म्हणाल्या. "माझे पाय दुखलेत त्यासाठी. कुणीतरी वाचू दे की एकदा."

सोमवारी दोघं जाऊन थडकले. काकूंनी यंत्राला अशी चापट मारली की दोन चिठ्ठ्या आल्या. मॅडमनी पहिली वही उघडली आणि चार-पाच पानं वाचली. मग चष्मा कपाळावरून नाकावर आला. त्या वाचतच राहिल्या. काका काचेच्या अलीकडे घामाघूम.

"या वहीत काम कुणी केलं ते कुठेच लिहिलेलं नाही," मॅडम सावकाश म्हणाल्या.

"नाही," काकू म्हणाल्या.

"मग ते मी विचारत नाही. तुम्हीही सांगू नका." त्यांनी पान उलटलं आणि एकदम थांबल्या. "हे काय? आपल्याच ऑफिससमोर? दारापासून सातवी फरशी, भिंतीकडून दुसरी ओळ?"

इथे शिपाईमामा मध्ये पडले. ते पाण्याचे ग्लास घेऊन चालले होते, तसेच ग्लास घेऊन उभे राहिले. या खात्यात सगळ्यांत जुने तेच. "एकोणीस वर्षं झाली, मॅडम," ते म्हणाले. "खाली रेकॉर्डच्या खोलीत घोट्याएवढं पाणी. तेव्हाचे साहेब पँट गुडघ्यापर्यंत दुमडून टेबलावर उभे. परवाना कुणी कुणाकडे मागायचा यावर अर्धा तास चर्चा झाली, आणि मग कळलं की अर्जाचे कोरे फॉर्म पाण्यात आहेत. तेव्हा साहेबांनीच मला पाठवलं, म्हणाले, त्या गुपचूपला बोलाव."

काकांनी डोळे मिटून घेतले. मॅडमनी मात्र ओठ दाबून हसू आवरलं. मग त्या गंभीर झाल्या आणि पेन टेबलावर आपटत म्हणाल्या, "म्हणजे फरशीखाली निळा आकडा असणार. तो दिसला की पुरावा झाला. पण फरशी उचलायला परवाना लागतो. परवाना नोंदणी झालेल्यालाच मिळतो. आणि नोंदणी काम बघितल्याशिवाय होत नाही."

काकूंनी तिन्ही अटी बोटांवर मोजून बघितल्या. 

"म्हणजे आधी कुणीतरी चूक करायला पाहिजे," काकू म्हणाल्या.

"चुका आम्ही करतो, काकू. पण लेखी नाही करत," मॅडम म्हणाल्या, आणि नियमांचं जाडजूड पुस्तक घेऊन बसल्या. अर्ध्या तासाने त्यांना एक कलम सापडलं. कार्यालय स्वतःच्या इमारतीसमोरचा फूटपाथ तपासणीसाठी उघडू शकतं, अधिकाऱ्याच्या देखत, कार्यालयाने नेमलेल्या माणसाकडून. मोठ्या साहेबांची सही लागते. मॅडमनी कागद तयार केला. त्यावर स्वच्छ अक्षरांत लिहिलं होतं, फरशी, नग एक. गुरुवारी सकाळी अकराला.

गुरुवारी काका दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. काकूंनी ठेवणीतले कपडे काढले होते. "लग्न आहे का कुणाचं?" काका म्हणाले. त्यावर काकूंनी त्यांच्या कॉलरचं बटण नीट लावून दिलं आणि पुढे चालायला लागल्या.

ऑफिससमोर मॅडम आधीच उभ्या होत्या. त्यांनी स्वतः टेप लावून येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी दीड मीटर वाट मोकळी सोडली, दोन्ही बाजूंना वाट अडवायचे लोखंडी घोडे ठेवले, पिवळी फीत बांधली आणि एक फलक उभा केला. काम चालू आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व. काकांनी तो फलक दोनदा वाचला. तीस वर्षांत त्यांनी कुणाची गैरसोय केली नव्हती, आणि आज करायच्या आधीच माफी मागून झाली होती.

शिपाईमामांनी दारापासून मोजून सातवी फरशी दाखवली. काका गुडघ्यांवर बसले, सळई सांध्याला लावली आणि पुन्हा उचलली. दिवसाढवळ्या, चारचौघांत त्यांनी कधी फरशीला हात लावला नव्हता. फितीपलीकडे बघ्यांची गर्दी झाली. पिशवी घेतलेला एक म्हातारा म्हणाला, "अहो, सरळ पहार घाला ना, हे काय टोकरत बसलात?" दुसरी एक बाई म्हणाली, हे आता महिनाभर चालणार. वरच्या खिडकीतून दोन कारकून वाकून बघत होते. काकू मात्र पायरीवर बसल्या होत्या, मांडीवर वही, आणि नजर काकांच्या हातांवर. काकांनी एकदा वर बघितलं, काकूंनी हनुवटीने खूण केली, चालू द्या.

माती डब्यात गेली. गवताच्या तीन काड्या फडक्यात गेल्या. काकांनी पातळ पट्टी सांध्यात सरकवली, जरा हलवली आणि फरशी अलगद उचलून उलटी केली.

पाठ कोरी होती. आकडा नाही, बाण नाही, निळ्याचा ठिपकासुद्धा नाही.

"काका, रंग उडाला वाटतं," वरून एक कारकून म्हणाला आणि हशा पिकला.

काकांनी कोऱ्या पाठीवरून बोट फिरवलं. "ही माझी नव्हे," ते हळूच म्हणाले. मॅडमनी शिपाईमामांकडे बघितलं. शिपाईमामा डोकं खाजवत दाराकडे बघत होते, आणि बघता बघता त्यांचा चेहरा पडला. मधल्या काळात इमारतीला चाकाच्या खुर्च्यांसाठी उतार बांधला तेव्हा दार चांगलं आठ-दहा फूट सरकलं होतं. जुन्या दारापासून सातवी फरशी म्हणजे पार पलीकडे, भिंतीजवळच्या दुसऱ्या ओळीत. सगळ्यांनी तिकडे माना वळवल्या. तिथे नगरपालिकेनेच ठेवलेली सिमेंटची एक अवाढव्य कुंडी होती, आत झाड, आणि चार माणसांनी ढकलली तरी हलणार नाही अशी.

"कुंडी उद्यान खात्याची," शिपाईमामा म्हणाले. "ती हलवायला त्यांचा वेगळा परवाना."

मॅडमनी हातातला कागद पुन्हा वाचला. नग एक. तो एक उचलून झाला होता. "मी वर जाऊन साहेबांना विचारते," त्या म्हणाल्या, पण त्यांच्या आवाजात दम नव्हता. "काका, तुम्ही ही बसवून टाका तोवर."

त्या गेल्या. शिपाईमामा ओशाळून चहाला गेले. बघ्यांना आता बघण्यासारखं काही उरलं नव्हतं, त्यामुळे तेही पांगले, आणि कारकुनांनी खिडकी लावून घेतली. राहिले काका, समोरचा फरशीएवढा खड्डा आणि पायरीवर बसलेल्या काकू.

काकांना वाटलं, संपलं. उद्या शुक्रवार. उद्यान खातं काही उद्यापर्यंत कुंडी हलवत नाही. म्हणजे ही शेवटची फरशी. त्यांना वाईट वाटलं, अगदी डोळ्यांत पाणी येण्याइतकं वाटलं, पण फरशी उघडी टाकून रडत बसणं काही त्यांच्याच्याने झालं नसतं. त्यांनी सवयीने तिच्या पाठीवर निळा आकडा घातला आणि बाण काढला, टोक रस्त्याकडे. वाळू हाताने सारखी केली, थापीने ठोकली, पुन्हा सारखी केली. फरशी बसवली. पाणसळीतला बुडबुडा केसाएवढा डावीकडे होता, म्हणून परत काढली, चिमूटभर वाळू टाकली, परत बसवली.  डब्यातली माती सांध्यात गेली, ब्रश फिरला, गवताच्या तीन काड्या चमच्याने जागच्या जागी उभ्या राहिल्या. ओंजळभर पाणी त्यांनी तेवढ्याच फरशीवर नाही, आजूबाजूच्या दहा-बारा फरश्यांवर शिंपडलं, म्हणजे सगळ्या सारख्याच वाळतील. मग त्यांनी घोडे उचलून भिंतीला टेकवले, फीत गुंडाळली, फलक मिटला, आणि अवजारं पिशवीत भरून पायरीवर काकूंशेजारी जाऊन बसले.

 काकूंनी इतका वेळ नजर जराही हलवली नव्हती.

तेवढ्यात मॅडम खाली आल्या, आणि त्यांच्यामागून मोठे साहेब. कुंडीचं नाव काढल्याबरोबर साहेब तापले होते. उद्यान खात्याशी त्यांचं जुनं वाकडं. ती कुंडी इथे ठेवायला कुणी सांगितलं होतं, मला विचारलं होतं का, असं म्हणत ते दारातून बाहेर आले आणि फूटपाथवर उभे राहिले.

"कुठली उचलली होती?" त्यांनी विचारलं.

मॅडमनी बोट केलं, आणि ते बोट हवेतच राहिलं. दारापासून सातवी खरी, पण मोजायचं उंबऱ्यापासून की उताराच्या कडेपासून, हे आता कुणालाच आठवेना. त्यांनी एका फरशीकडे बघितलं, मग शेजारच्या. चहा घेऊन परतलेले शिपाईमामा छातीठोकपणे म्हणाले, ही सातवी. वरची खिडकी उघडली आणि कारकून म्हणाला, छे, ती आठवी, मी वरून बघत होतो. दुसरा कारकून म्हणाला, आठवी असेल तर मिशी काढून टाकीन. पिशवीवाला म्हातारा परत चालला होता, तोही थांबला आणि त्याने तिसरीच कुठलीतरी फरशी दाखवली.

मॅडमनी काकांकडून पाणसळ मागून घेतली आणि एकेका फरशीवर ठेवून बघितली. आजूबाजूच्या फरश्या जितक्या वाकड्या होत्या तितक्या होत्या, त्यात वेगळी अशी एकही नव्हती. साहेबांनी बुटाच्या टाचेने चार ठिकाणी दाबून बघितलं. कुठे पोकळ वाजेना. मग एवढा मोठा माणूस चष्मा पुसून चक्क उकिडवा बसला आणि सांध्यांत बोट घालून बघायला लागला. गवताला हात लावला, ते घट्ट होतं.

"इथे काही उचललं होतं, हे नक्की ना?" ते म्हणाले.

"अर्ध्या तासापूर्वी इथे खड्डा होता, साहेब. मी माझ्या डोळ्यांनी बघितलाय," मॅडम म्हणाल्या. "आपले ठेकेदार फूटपाथ उकरतात आणि सहा महिने लोक त्यात ठेचकाळतात. यांनी उचललेली फरशी आपल्या सगळ्या खात्याला मिळून सापडत नाहीये. आणखी कसला पुरावा हवा?"

साहेब उठले, गुडघे झटकले आणि काकांकडे वळले. "तुम्हीच सांगा, कुठली?"

काकांनी तोंड उघडलं, पण तीस वर्षांची सवय आड आली. "होतं तसं ठेवलंय, साहेब," एवढंच ते म्हणाले.

"काकू, तुम्ही तर इथेच होतात."

"मला बाई काय कळतंय त्यातलं," काकू म्हणाल्या.

साहेब मोठ्यांदा हसले. कुंडीचं भांडण ते तेवढ्यापुरतं विसरले. मॅडमनी अर्ज पुढे केला, शिपाईमामांनी पाठ वाकवली, आणि त्या पाठीवर कागद ठेवून साहेबांनी सही ठोकली. नोंदणी क्रमांक मॅडमनी तिथल्या तिथे घातला आणि कागद काकांच्या हातात दिला. "काका, आता परवाना काढून काम करायचं. आठवड्याच्या मधल्या दिवशी, उजेडात. फलक लावून," त्या म्हणाल्या. काकांनी मान डोलावली. कागद त्यांनी घडी न घालता छातीशी धरला होता.

"चला," काकू म्हणाल्या. त्यांनी वह्यांची पिशवी खांद्याला लावली आणि नेहमीच्या लगबगीने निघाल्या. काका मागून अवजारं सावरत. फूटपाथवर चार पावलं सरळ टाकून काकूंनी पाचवं पाऊल एकदम लांब टाकलं, एक फरशी ओलांडून. बरोबर तीच फरशी.

काका जागच्या जागी उभे राहिले. एवढी वर्षं आपली फरशी कुणाला ओळखू येऊ नये म्हणून ते जिवाचं रान करत आले होते, आणि आता एका माणसाला ती ओळखू आली तर त्यांना इतका आनंद झाला की पुढे चालायचंच सुचेना. मागे साहेब आणि कारकून अजून सातवी की आठवी करत वाद घालत होते.

"तुला माहीत होती," काका म्हणाले.

काकू वळल्यासुद्धा नाहीत. "सांधा ओला आहे अजून," त्या म्हणाल्या. "त्यावर पाय कशाला द्यायचा?"